झाकणाखालचं कोडं

ग्रुंडलर ही काही थोर बिअर नव्हती.
हे आधीच सांगून टाकतो,
नाहीतर गेलेल्याबद्दल बोलताना
माणसं उगाच चव वाढवतात.
फिकी होती, किंचित गोडसर,
मागाहून जिभेवर लोखंड,
कारण विहीर कोळशाच्या डोंगराखालची.
नदीपल्याडच्या गावाची वेगळी होती,
आणि आमच्या बारमध्ये ती मागणं म्हणजे
लग्नात भलत्याच नवरीचं नाव घेणं.

कोलर्स गॅपला घड्याळ नव्हतं, ग्रुंडलरचा भोंगा होता.
पहाटे मॉल्ट शिजायला लागलं
की भिजल्या पावाचा वास गावभर,
दोरीवरच्या चादरींना, आमच्या वह्यांना,
रविवारी पाद्रीबाबांच्या झग्यालासुद्धा.

माझा बाप, एमिल हुडाक,
एकोणतीस वर्षं बाटल्यांच्या पट्ट्यापाशी उभा, रबरी बुटांत.
नऊला एक ग्लास फुकट, बाराला दुसरा,
करारातच होतं ते, आजारपणाच्या रजेच्याही वर.
त्याच्या बापाने त्याच इमारतीत
दारूबंदीची तेरा वर्षं आइस्क्रीम घुसळलं
आणि मरेपर्यंत व्हॅनिलाला शिव्या दिल्या.

प्रत्येक झाकणाच्या पोटात एक कोडं असायचं.
चित्रांची ओळ: डोळा, करवत, बदक.
इंग्रजीत मोठ्याने म्हणा, लागतं.
बाप घरी यायचा तो खिसे खुळखुळवत.
आम्ही जेवता जेवता सोडवायचो,
आई बटाटे वाढता वाढता आमच्याआधी.

फक्त एक कधीच सुटलं नाही.
मधमाशी, शिडी, अर्धा चंद्र.
बाप ते झाकण खिडकीत ठेवून
दाढी करताना त्याच्याकडे बघायचा.

शहात्तर साली तांब्याच्या कढया भंगाराच्या भावाने गेल्या.
नाव एका मोठ्या कंपनीने घेतलं. विहीर कुणी घेतली नाही.
दोन वर्षांनी दुकानात ग्रुंडलरचे कॅन आले,
तिसऱ्याच राज्यातल्या कारखान्यातून,
लेबलवरचा गरुड आता उजवीकडे बघत होता.
बापाने एक आणला. एक घोट घेतला.
बोलला काहीच नाही.
उरलेला बशीत ओतून टोमॅटोच्या वाफ्यात ठेवला,
गोगलगायींसाठी.
सकाळी बशी तशीच भरलेली.
तेव्हा मात्र तो हसला, अगदी खोकला येईपर्यंत.

तो गेल्यावर तंबाखूच्या डब्यात
चारशे बारा झाकणं निघाली. वरचं तेच.
मी विचारत विचारत फिलोमिना स्ट्रोइकपर्यंत पोचलो,
ऑफिसात हिशेब लिहिता लिहिता
ही कोडी काढायची ती.
वय एक्याण्णव, वृद्धाश्रमातली शेवटची खोली,
गुडघ्यांवर शाल, नखांना लाल रंग.
भिंगाखाली झाकण धरून तिने बराच वेळ पाहिलं.
"शुक्रवार असणार," म्हणाली.
"कोडी संपली होती, पाच वाजत आले होते,
छापणारा दारात उभा.
जे सुचलं ते काढलं."
मग उत्तर?
"वाटलं, एवढं मोठं गाव,
कुणी ना कुणी शोधेलच."

परत येताना गाडीत मला राग आला होता.
बोगद्यापर्यंत टिकला.

बारमध्ये मी कुणाला सांगितलेलं नाही.
झाकण गल्ल्याजवळ खिळ्याने ठोकलंय
आणि क्लेटस अजून दर गुरुवारी नवं उत्तर आणतो,
मागच्या वेळी त्यात त्याची सासूसुद्धा होती.

परवा एक पोरगा आला, दाढीवाला, हुशार.
जुन्या अग्निशमन केंद्रात भट्टी लावतोय,
त्याला ग्रुंडलर पुन्हा करायची आहे, हुबेहूब.
चव कशी होती, त्याने वही उघडून विचारलं.
गोड, म्हणाला क्लेटस.
गोड कसली, कडू, म्हणाला वॉल्टर.
सफरचंदासारखी, म्हणाली डोलोरेस,
जिने आयुष्यात फक्त जिन प्यायली आहे.
आवाज चढले. वही कोरीच.
पोरगा माझ्याकडे वळला.

मी खिळा उपसला,
झाकण त्याच्यासमोर उलटं ठेवलं.
म्हटलं, आधी हे सोडव.