गाल दाखव

पहाटे चारला जांबोटीत भट्ट्या विझतात,
खवा मात्र हाताला अजून चटका देत असतो.
केळीची पानं, वर गोणपाट, वर सुतळी,
आणि तो डबा ओमाणाकाका माझ्या मांडीवर ठेवतो.
"शेगडी हाय समज. सांडू नको."

मला आठला वॉर्डात हजर व्हायचंय,
त्याला साडेसहाला बेळगावात,
कुंद्याच्या दुकानाच्या मागल्या दारात.

निघण्याआधी शर्टाच्या आत कालचे पेपर:
छातीला मराठी, पोटाला कन्नड.
कधी उलटं. "वाऱ्याला एकबी वाचता येत नाही," म्हणतो,
आणि अग्रलेखाचं पान नेमकं काळजावर येईल असं दुमडतो,
"हे जरा गरम असतंय."

मग माझी तपासणी.
मोजे घट्ट नकोत, रक्त वळत नाही.
घाम फुटेल एवढं घालू नको,
आत्ताचा घाम म्हणजे थोड्या वेळानं बर्फ.
बोटं वेगळी ठेवू नको, एका घरात ठेव,
भांडू देत, खरं एका घरात.
हँडलला त्यानं घोंगड्याचे दोन खिसे शिवलेत.
उजव्या खिशात तीनच बोटं जातात.

वाटेत तो हिशेब सांगतो, मान न वळवता:
इथं अकरा अंश. साठनं गेलं की अंगाला सहा.
वर उणे चाळीस असायचं,
साठनं गेलं की उणे चौसष्ट.
त्या जागेचं नाव तो घेत नाही. 'वर' म्हणतो.
वर असताना स्नो स्कूटर चालवायचा,
मागं घसरगाडी, घसरगाडीवर रॉकेलचे कॅन.
चाक नसलेली गाडी कशी वळते, मी विचारलं होतं.
"अंग टाकायचं," म्हणाला. "म्हशीला वळवतात तसं."

शंकरपेठच्या पुलावर धुकं एवढं
की मलप्रभा आहे हे फक्त वासावरून कळतं.
परवा त्यानं तिथंच गाडी थांबवली.
इंजिन चालू. स्टँड नाही. एक पाय जमिनीवर.
खिशातनं बॅटरी काढली, माझ्या तोंडावर मारली.
"गाल दाखव."
काका, मी काय—
"गाल."
डावा बघितला, उजवा बघितला,
स्कार्फ सारून कानाची पाळी,
नाकाचा शेंडा दोनदा.
आपला हात पेपरांच्या आत घालून गरम केला
आणि माझ्या गालावर ठेवला, जिथं काही नव्हतं.
"पांढरं कुठं न्हाई," म्हणाला. बॅटरीला सांगितल्यागत.

मागनं एक टेम्पो हॉर्न देत गेला.

मग बोलला, पुढं तोंड करून:
"मागं चनबसू बसायचा. गोकाकचा.
दोन भाषेत शिव्या द्यायचा, वाटभर.
तेवढ्यानं कळायचं, हाय.
दर पाच मिनिटाला थांबून एकमेकाचे गाल बघायचे,
असा नियम.
त्या दिवशी वारं पाठीशी होतं. गाडी बरी पळालती."

एवढंच. गिअर टाकला.

मी डबा घट्ट धरला आणि बोलत सुटले.
किणये येईपर्यंत वॉर्डातल्या पेशंटांची नावं,
नावग्यापर्यंत खव्याचे गेल्या महिन्याचे दर,
पिरनवाडीला काही उरलं नाही तर कन्नड पाढे,
ಒಂದು नाही येत मला लिहायला, म्हणायला येतं:
ओंदु, एरडु, मूरु,
हेल्मेटच्या मागल्या बाजूला, ओरडून.
तो काही म्हणाला नाही.
चुकलं तेव्हा मात्र दुरुस्त केलं, एकदा. एळु. मग एंटु.

दुकानदारानं पानं उलगडून बोट लावलं.
"आज कोमट हाय की ओ, ओमाणा."
"व्हय," काका म्हणाला,
आणि शर्टातनं पेपर काढून
काउंटरवर सपाट करत बसला.