गेटावरचा हिशेब

वडशाच्या आमच्या नाटक मंडळीची वेबसाइट मीच केली.
डेटाबेसात एक तक्ता: पान, आणि ते किती वेळा उघडलं.
कोणी आलं की जुन्या आकड्यात एक मिळवायचा.
कोण आलं, ते ठेवायचं नाही.

नायिकेचं पान चार हजारांवर.
पेटीवाल्या उरकुडे मास्तरांचंही दोनशे बारा.
प्रॉम्प्टर तुळशीराम मेश्राम: त्रेपन्न.
फोटो नाही. विंगेत बसणाऱ्याचा कोण काढतो?

बाबा गेटावर असायचे.
फाडलेल्या तिकिटांची अर्धुकं डालड्याच्या डब्यात,
आणि पहाटे, कापलेल्या धानाच्या बांधीत,
कंदिलाशी बसून मोजणी.
मी विचारलं होतं, तुम्हीही पाहिलं ना नाटक,
मग तुमचं अर्धुक कुठाय?
"मोजनाऱ्यानं सोताले नाई मोजा लागत, बापू."

काल रात्री तुळशीरामचे चौपन्न झाले.
हरखलो. खात्री करायला पान पुन्हा उघडलं,
पंचावन्न.
मग कळलं.

माझी भेट वगळायची अट,
दोन ओळींचं काम.
कर्सर लुकलुकत राहिला
आणि मी थांबलो,
विंगेतून कोणी
पुढचं वाक्य सांगेल म्हणून.