आत्माजा

सप्टेंबर लागला की रेमझी दाढी करत नाही,
कुणाच्या लग्नाला जात नाही,
चहाची शेवटची तोडणी बायकोवर टाकतो
आणि कुदळ घेऊन ओढ्याकाठच्या ओल्या मातीत
एक किडा शोधत बसतो.

किडा दाखवून पकडायचा खाटीक पक्षी,
खाटीक नाचवून पकडायची ती.
नर कुणी ठेवत नाही, हलका पडतो.
उत्तरेची थंडी पाठीवर घेऊन
काळ्या समुद्राला वळसा घालत येते ती,
पोटावर आडव्या रेघा, पिवळे डोळे,
आणि आठ दिवसांत रेमझीच्या मनगटावर बसून
चहाच्या टपरीत पत्त्यांचा डाव बघते.

‘नाव काय हिचं?’
‘आत्माजा.’
मी दचकले. त्याला वाटलं, पक्ष्याला घाबरले.
‘सगळ्यांचं तेच,’ तो म्हणाला.

खरंच सगळ्यांचं तेच.
फुटबॉलच्या संघाला म्हणतात,
हिरवे-निळे सदरे घालून पोरं गल्लीत तेच ओरडतात.
मिनीबसच्या काचेवर ते, पंक्चरवाल्याच्या पत्र्यावर ते,
आरमाराच्या एका क्षेपणास्त्रालाही तेच, टीव्हीवर दाखवतात.
एका झटक्यात सुई ओवणारी पोर आत्माजा,
उधारी न विसरणारा दुकानदारही,
पण त्याला जरा हळू आवाजात.

आणि दारावरची पाटी: रेमझी आत्माजा.
आडनावं सक्तीची झाली त्या वर्षी
आजोबा कचेरीत गेले ते हिच्यातलीच एक हातावर घेऊन.
कारकुनानं मान वर केली, मान खाली घातली, लिहून टाकलं.
‘गाय विकायला निघाले असते तर?’
बायको दर वेळी विचारते,
दर वेळी तेवढीच हसते.

‘आत् म्हणजे फेक,’ रेमझीनं समजावलं.
‘मुठीतून लावरीवर फेकायची, ती आत्माजा.’
त्यानं रिकामा हात फेकून दाखवला.
माझा चहा सांडला.

पण वर डोंगरावर, फांद्यांच्या खोपटात,
जाळ्यामागे श्वास धरून बसतो तेव्हा
तिला ह्या नावानं बोलावत नाही.
तिथे ती सिफ्तेरी.
लाझ भाषेतला शब्द. शाळेत तो तोंडातून निसटला म्हणून
मास्तरांनी बोटांच्या पेरांवर पट्टी मारलेली.
मी वहीत लिहून घ्यायला लागले,
तर म्हणाला, दाखव कसा दिसतो.
माझी देवनागरी त्यानं बराच वेळ उलटीसुलटी बघितली.

मग मीही एक सांगितलं.
‘माझ्या भाषेत आत्मजा म्हणजे मुलगी.
एक काना कमी, बाकी तेच.’
‘कुणाची मुलगी?’
‘ज्याची त्याची. स्वतःपासून झालेली.’
बायको हसायला लागली आणि मध्येच थांबली.
फ्रिजवर सेविमचा फोटो होता,
ब्रेमेनला, दंतवैद्याच्या पांढऱ्या डगल्यात.
तीन उन्हाळे आली नाही.
कागदोपत्री आता ती आत्माजा नाही,
क्राउझ आहे.
रेमझी उठला, पक्ष्याला पाणी दाखवून आला.

ऑक्टोबर संपताना सोडतात तिला.
पोटभर खायला घालायचं,
पायातली वादी कापायची, घुंगरू काढायचं.
त्या दिवशी फेकत नाहीत.
नुसता हात पुढे धरून उभं राहायचं,
तिच्या मनात येईल तोवर.

ती बसून राहिली.
खाली चहाच्या कारखान्याचा भोंगा झाला,
रेमझीचा हात थरथरायला लागला, त्यानं दुसऱ्या हातानं आधार दिला.
मग तिच्या मानेजवळ ओठ नेऊन
काहीतरी म्हणाला.
सिफ्तेरी नव्हतं, एवढं मला कळलं.
उरलेल्या दोहोंतलं कुठलं, ते कळलं नाही.
एका कान्याचा फरक, आणि वारा होता.

उतरताना सबंध वाटभर
त्याच्या खिशात घुंगरू वाजत होतं.
त्यानं ते मुठीत धरलं नाही.