चाळीस नंबरच्या दारात

सोहारच्या कारखान्यात, जिथं समुद्र गोडा होतो,
रात्री पावणेदोनला तिसरा पंप थांबेचना.
टाकी काठावरून वाहत होती
आणि पडद्यावर पातळी ठाम: चाळीस टक्के.

प्रोग्रॅम जोजी थेराटिलचा, वहीत, पेन्सिलीनं.
जोजी गेला त्याला बारा वर्षं झाली.
पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला त्याचा नंबर होता, फिरवला;
कुणी झोपेतली बाई म्हणाली, नो जोजी, सर.
नंबर जिथल्या तिथं. बिऱ्हाड बदललेलं.

मग ओळीओळीवर बोट ठेवत गेलो
आणि सापडली ती मंगळवारची, माझ्याच हातची दुरुस्ती:
चाळीसच्या आधी एक हॅश. एवढीशी जाळी.
जोजीनं तिथं काही लिहिलं नव्हतं.
काही नसलं की चाळीस हा दाराचा नंबर:
जा, कडी वाजव, आत जे असेल ते घेऊन ये.
हॅश असला की चाळीस म्हणजे चाळीसच,
हातावर ठेवलेले. कुठं जायला नको.

त्या दारामागे मीटर दर सेकंदाला नवा आकडा ठेवून जात होता,
साठ, ऐंशी, शंभर,
आणि उंबऱ्यापर्यंत कुणी येत नव्हतं.

मुरादला घर विचारा: टँकर उभा असतो ना,
त्याच्यापासून तिसरं फाटक, निळं.
टँकर हलला की मुरादचं घर चार फाटकं सरकतं.
माझा पत्ता म्हणजे कंपनीची टपालपेटी;
पेटीत पत्र नसतं, चिठ्ठी असते: ऑफिसात विचारा.
ऑफिसात म्हणतात, सुलेमानकडे.
सुलेमान सुट्टीवर.

रोज साडेनऊला मंजिरी विचारते, कसा आहेस?
मी म्हणतो, बरा.
किती वर्षं झाली, आत जाऊन बघितलेलं नाही.

हॅश खोडला. पंप एक उचकी देऊन थांबला.
पडद्यावर शंभर, मग नव्याण्णव,
कुठंतरी कुणी नळ उघडला असावा.
मुराद खराट्यानं पाणी गटाराकडे लोटत होता,
मोजून बनवलेलं पाणी, त्याचा जाब द्यावा लागतो.

फॉर्मवर कारणाचा रकाना होता.
लिहिलं: दारावरचा आकडा हाच आतला माणूस समजलो.
वाचलं. खोडलं.
लिहिलं: टंकनदोष.