बर्फाच्या लादीवर

इसाकचाचाने लादीवर खिळ्याने डेन्मार्क काढला.
बावीस वर्षं त्यांच्या बोटीवर तेलवाला.
वर बारीक बेटं. ग्रीनलंड लादीत मावेना.
"एवढ्या बर्फात मूठभर माणसं,
आन् शब्दाचं शेपूट गिळतात."

शरणप्पा खलाशी, कोप्पळचा.
खिळा घेतला त्याने: बेळगाव, कारवार, खाली कासरगोड,
वर अक्कलकोट,
"आणि हर्णैत आम्ही. अकरा बोटी."
त्याचं उलटं, बसलासुद्धा शेपूट जोडतो: बस्सु.

मी बंगडा वर धरला. ह्याला?
"बंगुडे," शरणप्पा.
आमचाच, जरा वाकलेला.
चाचा माशाकडे बघत राहिला.
"मक्रेल," म्हणाला. मग पुन्हा, "मक्रेल,"
जेटीवरून कुणी ओ देईल तसा.

दोन्ही मुलुख फळीखाली ठिबकत होते.
तेवढ्यात लिलावाची बोली सुरू झाली.