खांब नंबर चौदा

सोमवारी झाली सुरू. मंगळवारी झाली.
बुधवारी सकाळी सहा दहाला
टिळकनगरात, आमच्या इमारतीच्या पोटाखाली,
बटण दाबलं तर पडद्यावर नुसती अक्षरं:
ब्रेक दाबून सुरू करा.
दाबलाय की, बाई.
सीटला पाठ टेकवून, दात आवळून दाबलाय.

पुन्हा बटण. टक्.
पुन्हा. आता टक् सुद्धा नाही.
अकराव्या खेपेला अशी घरघरली
जणू मीच उशिरा आले होते.

गोवंडीच्या शाळेची किल्ली माझ्याकडे असते,
लोखंडी, बोटभर लांब.
ती फिरवताना मनगटाला कळतं
कुलूप कुठे अडलंय.
या बटणाचं काही कळत नाही.
लिफ्टचं दाबा, बेलचं दाबा, हे दाबा,
बोटाला सगळं सारखंच.

कुर्ल्याच्या क्रिस्ती गावात अँब्रोज डिमेलोने
सतरा वेळा दाबलं. सतरा वेळा सुरू.
"डॉक्टरच्या दारात आलं की दात दुखायचा थांबतो," म्हणाला.
पैसे घेतले नाहीत.
तेच जास्त लागलं.

मग मी रिमोटमधला नाण्याएवढा सेल बदलला,
स्टेशनसमोरच्या घड्याळजीकडून.
बॅटरीच्या टोकांवरची हिरवट बुरशी
सोड्याच्या गरम पाण्याने, जुन्या टूथब्रशने घासली.
रिमोट बटणाला टेकवून धरला,
कानात सांगावं तसा.
शुक्रवारी सुरू.
शनिवारी नाही, आणि मुलं फाटकाबाहेर उभी.

अँब्रोज फोनवर म्हणाला,
"आता अडली की हलू नका.
ब्रेक दाबून ठेवा, मागचे लाल दिवे लागतात का बघा."
बसल्या जागेवरून कसं बघू?
"कुणाला तरी उभं करा ना मागे, मॅडम."

हे 'कुणाला तरी' मी दोन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले.
घरात दुसरं माणूस नाही, आत्ता.

मंगळवार, सहा पाच. पडदा म्हणाला, ब्रेक दाबा.
खाली फक्त कानविंदे, हातात दुधाची पिशवी.
आमच्या दोघांमध्ये दोन वर्षं खांब नंबर चौदा उभा आहे:
त्यांची स्कूटर, माझा बंपर,
सोसायटीमार्फत आलेली तीन पत्रं,
आणि मी दिलेलं एक उत्तर
जे मला आता वाचवत नाही.

काच खाली गेली. तेवढी वीज होती.
"जरा मागे उभे राहता?"
"कशाला?"
"दिवा लागतो का ते सांगायला."

गेले. आरशात त्यांचा पांढरा शर्ट,
पिशवीतून ठिबकणारं पाणी.
दाबला.
"नाही."
सोडून पुन्हा दाबला.
"नाही."
टाच सरकवली, पाऊल तिरकं, अगदी तळापर्यंत…
"लागला! गेला. थांबा, हलू नका. लागला!"
आणि आरशात त्यांचा शर्ट
एका बाजूने लाल झाला.
तसाच पाय धरून बटण दाबलं.
इंजिनाच्या आवाजात ते काहीतरी सांगत होते.
मी हात केला आणि निघाले.

ब्रेकच्या मानेशी करंगळीएवढा स्विच असतो.
आतून झिजला होता.
मी पाय रोवून बसायचे
आणि गाडीला वाटायचं, पाय ठेवलाच नाही.
तीनशे चाळीस रुपये, मजुरी वेगळी.
जुना स्विच अँब्रोजने कागदात गुंडाळून दिला,
दाढ काढल्यावर देतात तसा.

आता रोज पहिल्या बोटाला सुरू होते.
मी तरी आरशात एकदा बघते.

शुक्रवारी चौथं पत्र आलं.
विषय: खांब क्र. १४.
टाइप केलेलं, शिक्का मारलेलं,
आणि खाली निळ्या पेनने, घाईत:
डावा बल्ब मुळातच गेला आहे.
तेव्हाच ओरडून सांगत होतो.