तोलार

दादा औशाच्या आडतीत तोलार होते.
काटा थांबेपर्यंत बोलायचं नाही
हा त्यांचा नियम.
तूर असो, करडी असो, माल आणणारा कितीही घाईचा असो,
आधी काटा थांबायचा,
मग दादांच्या तोंडून आकडा निघायचा,
आणि त्या आकड्यावर बाजारात कुणी हुज्जत घालत नसे.

एका दिवाळीत त्यांचा अंगठा उडाला.
म्हणजे नुसताच हलला,
माशी बसली की म्हशीचं कातडं थरथरतं तसा.
पुढच्या वर्षी खांदा. मग भुवया.
मग पाऊल असं पडायला लागलं
जशी वाटेत फक्त त्यांनाच दिसणारी पायरी आहे.

"केरबा, सकाळी सकाळी घेऊन आलास व्हय?"
भुतडाशेठ हसले, सगळी आडत हसली.
दादांनी जन्मात ताडीसुद्धा चाखली नव्हती.
त्यांनी धरला की काटाही त्यांच्यासारखाच.
पोत्यामागं अर्धा किलो इकडं, पाव किलो तिकडं.
लायसन गेलं.
(चोरीचा आळ कुणी घेतला नाही,
एवढं आई अजून सांगते, न विचारता.)

आईनं काय करायचं ठेवलं?
लिंबं उतरवली, मिरच्या जाळल्या,
दर्ग्यातला दोरा मनगटाला बांधला.
मनगट इतकं फिरायचं
की दोरा आठवड्यात झिजून पडायचा.

झोपेत मात्र ते थांबायचे.
हे फक्त आम्हा घरच्यांना ठाऊक.
मध्यरात्रीनंतर कधीतरी बोटं एकेक करून विझायची
आणि दादा पूर्वीसारखे दिसायचे,
आता आकडा सांगतील असे.

गणपती बुडवून गाव उशिरा निजलं होतं.
चार वाजायला चार मिनिटं कमी.
भांडी, भिंती, माळवदं, विहिरीतलं पाणी,
सगळं गाव दादांसारखं हललं.
आणि दादा तेवढे निवांत.
बैलांच्या पत्र्याखाली झोपलो होतो म्हणून वाचलो.
मी आठ वर्षांची. पुढं कितीतरी दिवस वाटायचं,
त्यांच्या अंगातलंच ते भुईत उतरलं असणार,
आता त्यांना सोडेल.

नव्या गावात, एकशेबारा नंबरच्या प्लॉटवर,
साध्या वरणभाताच्या घासाला ठसका लागून ते गेले.
तोवर त्यांना माझं नाव आठवत होतं का,
मी विचारलं नाही.

आता बालाजीच्या, माझ्या थोरल्या भावाच्या, भुवया उडतात.
लातूरच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं: हंटिंग्टन.
आईला ते म्हणता येत नाही.
"हटिंगटन का काय ते," ती म्हणते,
"हटत तर नाही मेलं."

बापाला असेल तर लेकराला अर्धी शक्यता, डॉक्टर म्हणाले.
मला पारडी दिसली,
दोन्ही सारखी, मधली जीभ बरोबर उभी.
दादा म्हणाले असते, झाला तोल, लिही आकडा.

रक्त हैदराबादला गेलं. पाकीट आलं.
ते शिलाई मशीनच्या खणात आहे,
बॉबिनांच्या डब्याखाली, पोळ्यापासून.

रोज पहाटे, लाईट न लावता, मी सुईत दोरा ओवते.
पहिल्या खेपेला गेला की चहा ठेवते.
नाही गेला की दोरा ओठात ओला करून पुन्हा,
आणि स्वतःला सांगते, चाळिशी आली, चष्मा लागला असेल.
लागलाही असेल.

काल पोरगी उठली.
"मम्मे, अंधारात काय करूलालीस?"
काही नाही, झोप, म्हणाले.
तिनं माझ्या हातातून सुई घेतली,
खिडकीतल्या उजेडाला धरली,
एक डोळा मिटला, ओवली,
आणि शाबासकीसाठी माझ्याकडं पाहिलं.

मी तिचा अंगठा पाहत होते.